हे फोल्डर रिकामं आहे

फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यावेत अशी इच्छा मराठी माणसाला सहसा आपणहून होत नाही. ती फोनच करायला लावतो. घरच्या लग्नात भटजी शेवटचं मंगलाष्टक संपवत असतात, आता अंतरपाट दूर होणार, आणि नेमकी तेव्हाच 'स्टोरेज फुल' अशी पाटी झळकते. मग डोंबिवलीचे एखादे मामा वधूवरांकडे पाठ करून शुभ सकाळचे गुलाब पुसत उभे राहतात. गुलाब संपले की संकष्टीचे गणपती लागतात. ते पुसायला हात धजत नाही. रात्री घरी आल्यावर निर्णय होतो, "सगळं कॉम्प्युटरवर टाकू आणि फोन रिकामा करू."

त्यात काय एवढं? केबल जोडायची, कॉपी करायचं, पेस्ट करायचं. असं सांगणारा माणूस ऐन वेळी जागेवर नसतो.

पहिली गाठ केबलशी. घरोघरी श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या केबली एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. जाड पिनेची, बारीक पिनेची, सी टाइप, आणि एखादी अशा कॅमेऱ्याची, की जो कॅमेरा घरात कुणीच पाहिलेला नाही. टाकवत एकही नाही. त्यातली त्यात बरी दिसणारी केबल मामा फोनला जोडतात. बॅटरीवर विजेचं चिन्ह येतं, चार्जिंग सुरू होतं. कॉम्प्युटर मात्र ढिम्म.

संशय आधी फोनवर जातो, मग कॉम्प्युटरवर, आणि विंडोजच्या परवाच्या अपडेटवर तर हमखास. केबलवर जात नाही, कारण चार्जिंग होतंय ना! मेख तिथेच आहे. यूएसबी २.० ची धड केबल कापून बघितली तर आत चार तारा निघतात: तांबडी, काळी, हिरवी आणि पांढरी. तांबडी-काळी विजेच्या, हिरवी-पांढरी माहितीच्या. ट्रिमर, टेबलावरचा छोटा पंखा, वाचायचा दिवा यांच्याबरोबर जी केबल फुकट येते, तिच्यात पुष्कळदा हिरवी आणि पांढरी घातलेलीच नसते. वरचं प्लास्टिक तेच, पिन तीच. दुकानदाराला हा भेद पक्का ठाऊक असतो. "डेटावाली देऊ की नुसती चार्जिंगची?" असं तो विचारतोही. गिऱ्हाईक वीस रुपये वाचवण्याच्या आनंदात "साधी द्या" म्हणतं, आणि त्याला साधी मिळते.

यूएसबीच्या एका जनकाचा धागा बडोद्याला पोचतो. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत गेले आणि त्यांच्या पुढाकारातून, बऱ्याच कंपन्यांच्या सहभागाने, १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. त्याआधी प्रिंटरची पिन निराळी, माउसची निराळी, मोडेमची निराळी. नवं काही जोडलं की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. घरातल्या कुणालाही जोडता यावं, हा भट्ट यांचा हेतू होता. तो साधला, फक्त ती चपटी पिन पहिल्या खेपेला जात नाही, उलटी धरली तरी जात नाही आणि पुन्हा पहिल्यासारखी धरली की मुकाट जाते, एवढंच गालबोट राहिलं. दोन्ही बाजूंनी चालणारी पिन करायची तर तारा दुप्पट लागल्या असत्या, सर्किटं वाढली असती आणि खर्चही दुपटीवर गेला असता, असं भट्ट यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. म्हणजे तो घोळ चुकून झालेला नव्हता, परवडावा म्हणून ठेवलेला होता.

२०१४ मध्ये सी टाइपचा आराखडा आला आणि उलट-सुलटचा वाद मिटला. पण पिन एकच झाली म्हणून आतला मामला एक झाला असं नाही. त्याच आकाराची एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिट नेते आणि दुसरी ४० गिगाबिट. नुसतं बघून फरक कळत नाही. आयफोन १५ ला २०२३ साली सी टाइप पिन मिळाली, तरी प्रो सोडून बाकीच्या मॉडेलांचा केबलवरचा वेग यूएसबी २.० चाच राहिला, म्हणजे २००० सालचा. अर्थात ४८० मेगाबिट हेही काही थोडं नव्हे. कागदावरच्या हिशेबाने त्यात एक जीबीची फाइल वीसेक सेकंदांत जायला हवी. प्रत्यक्षात ती किती वेळ घेते, हे ज्याचं त्याला माहीत.

एवढं होऊन डेटावाली केबल सापडली, जोडली, कॉम्प्युटरने 'टुंग' असा आवाज केला आणि फोनचं नावही पडद्यावर आलं. मामा त्यावर क्लिक करतात आणि बंगळूरला भाचीला फोन लावतात. घरात कुणी आयटीत असलं की त्याला इस्त्री दुरुस्त करण्यापासून सगळं विचारायची आपल्याकडे पद्धतच आहे.

"अगं, आत काहीच नाही! 'हे फोल्डर रिकामं आहे' म्हणतंय. गेले वाटतं सगळे फोटो."

"मामा, फोन लॉक आहे का?"

"मग? लॉक नको? सतराशे साठ ओटीपी येतात त्यावर."

"तो आधी उघड. आता वरून खाली ओढ. यूएसबीवर चार्जिंग चालू आहे, असं काही लिहिलंय?"

"लिहिलंय. पण ते मला कळतंयच की."

"त्याच्यावरच बोट ठेव. मग 'फाइल ट्रान्सफर' निवड."

पलीकडे थोडा वेळ नुसता माउसचा आवाज. मग, "आले गं, आले! गणपतीसुद्धा आले."

फोन असा आढेवेढे का घेतो? तर त्याला लोकांच्या चार्जरवर विश्वास ठेवायची सोय राहिलेली नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत चार्जरसारखं दिसणारं एक यंत्र दाखवलं. आयफोन त्याला जोडला की मिनिटाच्या आत त्यात घातक ॲप शिरत असे. त्याच वर्षी आयओएस ७ मध्ये 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?' हा प्रश्न आला. अँड्रॉइडने २०१५ च्या मार्शमेलो आवृत्तीपासून केबल जोडली की फक्त चार्जिंग, बाकी काय ते मालकाने सांगितल्यावर, असा नियम केला. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ साली फसवणुकीच्या तऱ्हा सांगणारी पुस्तिका काढली, तिच्यात चार्जिंगच्या केबलीतून होणाऱ्या चोरीचा उल्लेख आहे. तेव्हा एसटी स्टँडवर फोन चार्जिंगला लावणाऱ्या माणसाने या आडमुठेपणाबद्दल फोनचे आभारच मानायला हवेत. तक्रार एवढीच, की 'लॉक उघडा' असं सरळ सांगण्याऐवजी 'फोल्डर रिकामं आहे' असं सांगून माणसाच्या काळजाचा ठोका का चुकवायचा?

फोटो दिसले, पण सरकेनात, हा पुढचा अध्याय. हिरवी पट्टी अर्ध्यावर येते, उरलेला वेळ 'चार मिनिटं' वरून 'दोन तास' होतो आणि मध्येच सगळं गोठतं. जुने लोक सांगतात, पूर्वी असं नव्हतं, फोन पेन ड्राइव्हसारखा उघडायचा. जुने लोक या बाबतीत बरोबर आहेत. वाचनालयाचं उदाहरण घेतलं की उलगडा होतो. पूर्वी फोन कपाटाच्या किल्ल्याच कॉम्प्युटरच्या हाती द्यायचा: जा, हवं ते पुस्तक काढ. पण किल्ल्या त्याच्याकडे असेपर्यंत फोनला स्वतःला कपाट उघडता यायचं नाही. केबल जोडली की कार्डावरची गाणी नि ॲप गायब. २०११ पासून अँड्रॉइडने ही पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली आणि एमटीपी आणलं. मायक्रोसॉफ्टने मुळात गाण्यांच्या प्लेअरसाठी केलेली ही रीत. यात किल्ल्या ग्रंथपालाकडेच राहतात. कॉम्प्युटरने चिठ्ठी द्यायची, ग्रंथपाल एक पुस्तक आणून देणार, मग पुढची चिठ्ठी. आठ हजार फोटो एकदम निवडणं म्हणजे आठ हजार चिठ्ठ्या एकाच वेळी खिडकीत कोंबणं. ग्रंथपाल चष्मा काढून बसतो.

इलाज साधा आहे. महिन्या-महिन्याचे, दोन-चारशे फोटोंचे गठ्ठे करून घ्यावेत, काम चालू असताना फोनवर दुसरं काही करू नये आणि 'कट' कधीही करू नये, फक्त 'कॉपी'.

आयफोनवाल्यांचं दुखणं वेगळं. विंडोजवर फोटो घेताना शंभरेक फोटो जातात आणि मग संदेश येतो: 'जोडलेलं उपकरण काम करत नाही.' उपकरण समोर झगझगीत चालू असतं. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी या नव्या साच्यात ठेवतो, त्यात जागा कमी लागते. कॉम्प्युटरला देताना तो एकेक फोटो जेपीजी करून देऊ लागतो आणि त्या धांदलीत दम तोडतो. सेटिंग्जमध्ये फोटोच्या पानावर अगदी तळाशी 'कीप ओरिजिनल्स' असा पर्याय आहे. तो निवडला की हे भाषांतर थांबतं आणि गाडी चालू लागते. फोटो नंतर विंडोजवर उघडला नाही, तर या साच्यासाठीचं 'एचईआयएफ' एक्स्टेन्शन घालावं लागतं.

बाकी फोटो आहेत कुठे, हेही शोधावं लागतंच. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम फोल्डरात. हे नाव १९९८ च्या एका जपानी कॅमेरा-मानकातून आलं आणि अजून टिकून आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मात्र अँड्रॉइड ११ पासून 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप', मग पुन्हा 'व्हॉट्सअ‍ॅप', मग पुन्हा 'मीडिया' अशा मजल-दरमजल प्रवासानंतर भेटतात.

एवढा उपद्व्याप कोण करणार? म्हणून मराठी मुलखाने कायम आडवाटा शोधल्या. इन्फ्रारेडच्या काळात दोन फोन डोक्याला डोकं लावून टेबलावर ठेवत आणि कुणी टेबलाला धक्का लावला की गाणं अर्ध्यात तुटे. मग 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्यांची दुकानं आली. ब्लूटूथ आलं, त्याच्या वेगाने एक जीबी पाठवायला तासाहून जास्त लागतो. शेअरइट आणि झेंडर घरोघरी रुळले, तर २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात दोन्ही गेले. शेवटी उरलं व्हॉट्सअ‍ॅप. स्वतःलाच फाइल पाठवायची सोय २०२२ च्या अखेरीस आली. त्याआधी लोक बायकोला ग्रुपमध्ये घेत, लगेच काढून टाकत आणि मग त्या एकट्याच्या ग्रुपवर स्वतःशी कागदपत्रांची देवाणघेवाण करत. झेरॉक्सच्या दुकानात तर 'या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा' ही पाटी आता देवाच्या तसबिरीशेजारी असते. आधार कार्डाची प्रत काढून गिऱ्हाईक निघून जातं, आधार कार्ड दुकानातच राहतं.

या आडवाटेची किंमत चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर दिसते. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो १६०० च्या आसपास येतो. दहा फुटी फ्लेक्स म्हणजे १२० इंच. इंचाला जेमतेम तेरा ठिपके. म्हणून भावी नगरसेवकांचा चेहरा मातब्बर दिसण्याऐवजी चौकटी-चौकटींचा दिसतो आणि खालच्या शुभेच्छुकांना तर त्यांच्या घरचेही ओळखत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी तो फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असता तर दोन जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी गेली असती.

तेव्हा फोन कॉम्प्युटरवर दिसेना झाला की क्रम असा ठेवावा: केबल बदला, फोनचं लॉक उघडा, सूचनेवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडा, कॉम्प्युटरचं दुसरं पोर्ट वापरा, दोन्ही यंत्रं एकदा रीस्टार्ट करा. तरीही पिन हलली की कनेक्शन जात असेल, तर फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्टात बघा. खिशातल्या कापसाचा घट्ट दाबलेला बोळा तिथे बसलेला असतो. तो लाकडी टूथपिकने हलकेच काढावा, टाचणीने नाही. दुकानात नवा फोन दाखवायच्या आधी एवढं जरूर करा.

आणि फोन रिकामा करायची घाई नको. कॉपी झालेल्या फोटोंची संख्या दोन्हीकडे ताडून बघा, मधले दोन-चार उघडून बघा, जमलं तर एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच पुसा. गूगल फोटोज किंवा आयक्लाउड चालू असताना त्या ॲपमधून फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप घेतलेला फोटो गूगलच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड' मध्ये ३०. त्यानंतर भाचीलासुद्धा तो परत आणता येत नाही.