मध्यम सोडून सगळं

धार-देवासकडच्या जुन्या मराठी घरांत एक काका हमखास असतात. पूर्वज पवारांच्या लष्कराबरोबर माळव्यात उतरले. काकांच्या वाट्याला आली ती आजोबांची पेटी. दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली.

“कलकत्त्याची आहे, रीड जर्मन,” हे पाहुण्याला पाण्याआधी मिळतं. असेलही. हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास रूढ केली, आणि जर्मन रीडचा दबदबा अजून आहे. फक्त या पेटीवरचं कंपनीचं नाव काकांच्याच पुसण्यानं गेलंय.

भाता ओढला की आधी दमेकऱ्याचा श्वास येतो, मग सूर. मध्यमाची पट्टी तर हात न लावताच गाऊ लागते. स्प्रिंग मेलेली आहे. म्हणून तिच्याखाली लग्नपत्रिकेचा तुकडा घडी करून खुपसलाय. आता ती वाजतच नाही. तेव्हापासून काकांना भूप फार आवडू लागला; त्यात मध्यम लागतच नाही ना! गणपतीतल्या आरत्यांना मात्र ही सवलत नसते. तिथे मध्यम आला की काका खोकतात.

बेसूर म्हटलेलं खपत नाही. “पट्टी जुनी आहे हो, हल्लीच्या पेट्या चढ्या असतात.” युक्तिवाद बरा आहे. पण पट्टीच जुनी, तर सगळेच सूर सारखे उतरायला हवेत. इथे एकटा गंधार उतरलाय. इंदूरचा कारागीर म्हणाला, रीड टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. कानस पाहताच काकांनी पेटी मिटली.

कुणी फारच छेडलं तर ते थेट राजवाड्यात शिरतात. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. वाड्यात त्यांना दोन पियानो आणि एक हार्मोनियम दिसली. नवीकोरी, तरी एकही वाजेना. कोरड्या हवेनं सांगाडे तडकलेले. ‘द हिल ऑफ देवी’त त्यांनी ते लिहून ठेवलंय. “राजाचे पियानो गेले. आमची पेटी वाजतेय!” क्रियापद जरा सैल आहे, पण पाहुणा घरात बसलेला असतो.

याच देवासात १९४८ मध्ये कुमार गंधर्व राहायला आले. तंबोरा जुळवताना ते किती काटेकोर, हे ज्यानं त्यांना ऐकलंय तो सांगेल. “कुमारजींना पेटी ऐकवायची राहूनच गेली,” काका हळहळतात. गावातले जाणकार यात टेकडीवरच्या देवीची कृपा मानतात.

धारला काकांचे व्याही. त्यांच्याकडे वडिलांची सतार, भोपळ्याला एम-सीलचं ठिगळ, सात मुख्य तारांपैकी चारच शाबूत. दोघं भेटले की एकमेकांच्या वाद्याला हात जोडतात, तोंड भरून वाहवा करतात. परतीच्या बसमध्ये इंदूर यायच्या आत काका बायकोला म्हणतात, “त्यांनी ती सतार आता काढून टाकायला हवी. कानाला त्रास होतो हो.”

धारला तोवर व्याही विहीणबाईंना पेटीबद्दल सांगत असतात.