परतीचे तिकीट फाडण्यापूर्वी : वऱ्हाडी ज्येष्ठांसाठी अमेरिका-मुक्कामाची मार्गदर्शिका

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने कलम १४४ जारी केले. एरवी दंगलीत लागू होणारे कलम त्या आठवड्यात उन्हासाठी वापरावे लागले. अमरावती-अकोल्याच्या कित्येक गल्ल्यांतली कुलुपे तेव्हा महिना-दीड महिन्यापासून लागलेली होती. घरमालक न्यू जर्सीत किंवा शिकागोत मुलाच्या घरी अर्ध्या बाहीचा स्वेटर घालून चहा पीत होते आणि शेजाऱ्यांना व्हॉट्सॲपवर विचारत होते, ‘‘काय म्हणते ऊन?’’

असे दोन-तीन उन्हाळे काढले की माणसाला वाटू लागते, आता इथेच राहावे. ही मार्गदर्शिका त्याच मंडळींसाठी आहे. वऱ्हाडाची अमेरिकेवरची माया तशी जुनी. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. अमेरिकेच्या भरवशावर किती दिवसांचे बेत आखावेत, याचा पहिला धडा वऱ्हाडाने तेव्हाच घेतला होता. पण तो बाजार समितीच्या वहीत राहिला, घरात आला नाही.

पायरी पहिली : आधी पाहुणे व्हावे

कायम राहण्याची इच्छा होण्यासाठी आधी पाहुणा म्हणून जाणे आवश्यक आहे. पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, मात्र विमानतळावरचा अधिकारी एका खेपेला साधारण सहा महिन्यांची मुदत देतो. त्याचा ठरलेला प्रश्न असतो : किती दिवस राहणार? इच्छुकाने लगेच परतीचे तिकीट दाखवावे. हे तिकीट जपून ठेवावे, कारण पुढचे सगळे प्रेम त्याच्यावर चालते.

ते तिकीट पिशवीत असले की सगळेच गोड लागते. नायगारा पाहून होतो. पायी चालणाऱ्यासाठी मोटार थांबते, याचे कौतुक अमरावतीच्या राजकमल चौकात स्कूटर चालवलेल्या माणसाला आठ दिवस पुरते. वाचनालय अनामत रक्कम न मागता पुस्तके देते. विजेचे बिल कोण भरते, विम्याचा हप्ता किती, डिसेंबरात दारातला बर्फ कोण ओढतो, हे विचारण्याची वेळच येत नाही. कारण पाहुणा एप्रिलात येतो आणि सप्टेंबरात जातो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही घर आवरलेलेच दिसते.

पायरी दुसरी : जन्म झाल्याचे सिद्ध करावे

आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून द्यायचे तर मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचा नागरिक हवा आणि एकवीस वर्षांचा हवा. एकवीसची अट सोपी आहे. नागरिकत्वाचे मात्र तसे नाही. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेले भारतीय अभियंते अजून रांगेत आहेत. कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी सहसा आणखी पाच वर्षे. तेवढ्यात इच्छुकाने गुडघे सांभाळावेत.

गंमत अशी की मुलगा एकदा नागरिक झाला की आईवडिलांसाठी संख्येची मर्यादाच नाही. ज्या रांगेत पोराचे केस पांढरे झाले, तिच्या बाजूने आईवडील पुढे निघून जातात. घरात हा विषय जेवताना काढू नये.

पुढचा प्रश्न जन्माचा. वऱ्हाडातली एक अख्खी पिढी १ जुलैला जन्मली आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी उंची पाहून वर्ष ठरवले आणि तारीख सोयीची लिहिली. अमेरिकेला नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. तो नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आणि सोबत जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे. सत्तर वर्षांच्या माणसाचा जन्म आठवणारे वडीलधारे शोधणे हा या पायरीचा गाभा आहे. गावातल्या नव्वदीच्या आत्याबाईंशी संबंध आधीपासून चांगले ठेवावेत.

काकूंचे काम आणखी अवघड. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात तांदळावर लिहिलेले दुसरे, रेशनकार्डावर तिसरे आणि पासपोर्टावर चौथे. या चारही बाई एकच आहेत, हे मुंबईच्या वकिलातीला पटवावे लागते. पासपोर्टावर आडनावाचा रकाना आणि नावाचा रकाना यांतला एकच भरलेला असेल, तर व्हिसावर ‘एफएनयू’ छापून येते. त्याचा अर्थ ‘पहिले नाव माहीत नाही’. चाळीस वर्षे नवऱ्याने ‘अवं, ऐकलं का’ एवढ्यावर हाक मारलेल्या बाईला त्यात नवे काही वाटत नाही.

शेवटी मुलाला एका करारावर सही करावी लागते. आईवडिलांचा खर्च तो ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट पातळीपर्यंत भागवील, असे तो सरकारला कायद्याने बांधून देतो. श्रावणबाळाने कावड खांद्यावर घेतली तेव्हा त्याच्याकडे असा अर्ज नव्हता. इच्छुकाने त्या कागदाची प्रत नातेवाइकांना जरूर दाखवावी. सून मात्र खोलीत नसावी.

पायरी तिसरी : बॅग

वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. त्या कॅलिफोर्नियातले संत्रे खऱ्या कॅलिफोर्नियात नेता येत नाही. ताजी फळे, बियाणे आणि कढीपत्ता विमानतळावर अडवतात, न सांगता नेल्यास दंड होतो. संत्र्याच्या बागेचा मालक म्हणून ओळख असलेल्या माणसाने ती ओळख बडनेरा स्टेशनवरच ठेवून जावी.

लोणचे, तिखट, मूगवड्या, सरगुंडे आणि ज्वारीचे पीठ यांना सहसा अडचण येत नाही. अंबाडीची काळजी करू नये : तिकडच्या भारतीय दुकानात ती तेलुगू मंडळींच्या कृपेने ‘गोंगुरा’ नावाने मिळते. सांबाराबाबत मात्र सावध राहावे. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. ‘‘सांबार आण जरा,’’ असे सांगून मुलाला दुकानात पाठवले की तो मसाल्याचे पाकीट घेऊन येतो. मग त्या घरात वऱ्हाडी भाषा किती उरली, याचा हिशेब लागतो.

पायरी चौथी : दिवस काढावा

पाहुण्याचा दिवस फिरण्यात जातो, रहिवाशाचा दिवस काढावा लागतो. मुलगा-सून साडेआठला बाहेर, नातवंडे बसने शाळेत. मोटार चालवता येत नसेल तर अमेरिकेच्या उपनगरात माणूस अंगणापुरता स्वतंत्र असतो. येथून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्याला चालतो. रहिवाशाला राज्याचा परवाना काढावा लागतो. म्हणजे लेखी परीक्षा, मग शेजारी परीक्षक बसवून रस्त्यावरची परीक्षा, आणि तीही उजव्या बाजूने. अमरावतीत पन्नास वर्षे सगळ्या बाजूंनी वाहन चालवल्याचा अनुभव येथे ग्राह्य धरत नाहीत.

वाळवणाचा विचार डोक्यातून काढावा. अनेक वसाहतींत घरमालकांची संस्था असते आणि ती दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही हरकत घेते. तेथे साडी पसरून कुरडया घालणाऱ्या बाईंना काय म्हणेल, याचा प्रयोग करू नये. घरासमोरच्या पायवाटेवरचा बर्फ ठरलेल्या वेळेत काढला नाही, तर अनेक गावांत दंड होतो. पाहुणा असताना हाच बर्फ खिडकीतून दिसला असता तर ‘किती छान’ म्हणून फोटो निघाला असता.

माणसांची सोय आहे, पण ती शनिवारी. महाराष्ट्र मंडळे बहुतेक मोठ्या शहरांत आहेत; त्यांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून चालू आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरते, मुलांसाठी मराठी शाळा चालतात. गणपतीही बसतो, मात्र सोयीच्या सुट्टीकडे पाहून. राजराजेश्वराच्या कावडीसाठी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणणाऱ्या अकोल्याच्या माणसाला देव शनिवारपर्यंत थांबतो, हे समजायला एक श्रावण लागतो.

पायरी पाचवी : वावर आणि वॉशिंग्टन

येथे लक्षपूर्वक वाचावे. ग्रीन कार्ड मिळाले की माणूस अमेरिकेचा कर-रहिवासी होतो आणि जगात कोठेही झालेली मिळकत तिकडे दाखवावी लागते. भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. अमेरिकेला ही सूट मान्य नाही. तुरीचे पैसे, संत्र्याचा सौदा, भाड्याची खोली, सगळे विवरणात येते. परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम असेल, तर त्या खात्यांची वेगळी माहिती अमेरिकेच्या अर्थखात्याला कळवावी लागते. भावालाही न सांगितलेली पतसंस्थेतली ठेव अशा रीतीने वॉशिंग्टनला कळते.

इकडे बँकेतले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते, आणि त्यातल्या व्याजावर ३० टक्के व वर अधिभार, असा कर आधीच कापला जातो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यासाठी मोबाइलवर सांकेतिक अंक येतात, ते येण्यासाठी भारतातले सिमकार्ड जिवंत लागते, आणि सिमकार्ड जिवंत राहण्यासाठी कोणाला तरी रिचार्ज मारावा लागतो. थोडक्यात, आधी सिमकार्डाचा हयातीचा दाखला काढावा, मग स्वतःचा.

वावराचे काय? वडिलोपार्जित शेत ठेवता येते, विकताही येते, पण विकत घेणारा भारतात राहणाराच लागतो. नवे शेत मात्र अनिवासी झाल्यावर घेता येत नाही, नागरिकत्व बदलून ओसीआय कार्ड घेतले तरी नाही. एवढेच नाही तर २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे : पेरा नोंदवायचा तर मोबाइल घेऊन वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरातून काढलेला फोटो चालत नाही. एक विश्वासू पुतण्या ठेवावा. दिवाळीला त्याला काय पाठवले, हे पुढे सातबाऱ्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

पायरी सहावी : आजारी पडू नये

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी तिकडे मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. नव्याने आलेल्या ज्येष्ठाला तो सलग पाच वर्षे राहिल्यावर घेता येतो, आणि तिकडे दहा वर्षे नोकरी केलेली नसल्याने बहुधा पूर्ण हप्ता भरूनच. मधल्या पाच वर्षांत खासगी विमा घ्यावा आणि दात, गुडघा, मोतीबिंदू यांनी तोवर धीर धरावा. बहुसंख्य इच्छुक हिवाळ्यात अमरावतीला येऊन कॅम्प भागातल्या डॉक्टरांकडून ही कामे उरकून घेतात. यालाच तिकडे ‘इंडिया ट्रिप’ म्हणतात.

अपवाद

परदेशी जाऊन परत येण्याचीही एक पद्धत वऱ्हाडात होऊन गेली. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेत शिकले, परतले, १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून अमरावतीला घरी आले. या पद्धतीविषयी हल्ली विचारणा होत नसल्याने येथे अधिक तपशील दिलेला नाही.

पायरी सातवी : सुट्टीवर यावे

ग्रीन कार्डधारकाने अमेरिकेबाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिल्यास परतताना प्रश्न विचारतात. वर्षभर राहायचे तर आधी परवानगी काढून जावे लागते. म्हणून इच्छुकाने डिसेंबरात यावे आणि फेब्रुवारीत जावे. एप्रिल २०२५ पासून मुंबईहून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर विमान उतरू लागले आहे, तेव्हा बडनेऱ्याचा हमाल आणि त्याच्याशी होणारी घासाघीस दोन्ही टळली.

इथे आले की दिवस झपाट्याने जातात. गिला वडा खावा, अंबादेवीला जावे, एखाद्याच्या वावरात हुरड्याला बसावे, चिखलदऱ्याला देवी पॉइंटवर उभे राहून धुके पाहावे. पाणी बाटलीचे प्यावे. राजकमल चौकातल्या गर्दीचा व्हिडिओ काढून नातवाला पाठवावा. पुतण्याने विजेचे बिल भरलेले असते, घर झाडून ठेवलेले असते, गाडीत पेट्रोल असते, आणि ऊन कसे कोवळे. काकू म्हणतात, ‘‘किती बरं वाटते नाई इथं?’’ काकांनाही तसेच वाटते. त्यांनी खिशात हात घालून परतीचे तिकीट जागेवर आहे का, ते पाहून घ्यावे.

तेवढ्यात शेजारचे अण्णा फाटकाशी येतात. ‘‘कधी आले?’’ विचारतात. आणि दम न घेता पुढचे, ‘‘मंग, वापस कधी चालले?’’

पहिला प्रश्न सोपा आहे. दुसऱ्याची तारीख मात्र पाठ करून ठेवावी. चष्मा लावून, मोबाइलमध्ये तिकीट उघडून, बोट फिरवत सांगितली तर अण्णा ‘‘बरं बरं’’ म्हणतात आणि आत आवाज देतात, ‘‘चहा ठेव वं, पाहुणे आहेत.’’