विरजणाचा बंदोबस्त

तापवून निवविलेल्या दुधात करंगळी बुडवून, ते कोमट झाल्याचा निवाडा करून, चमचाभर विरजण लावावे आणि पातेले घोंगडीत गुंडाळून निजवावे, एवढ्याच तजविजीवर ज्या घराण्याचे दही पिढ्यानुपिढ्या बिनतक्रार लागत आले, त्या आमच्या घरी चिरंजीवांनी विजेचे एक बहुगुणी पात्र आणले. आणि ४० ते ४५ अंशांच्या आसपासची ऊब ८ तास सांभाळण्याची जी कामगिरी ती घोंगडी विनावेतन बजावीत होती, ती त्या यंत्राकडे रीतसर वर्ग झाली. जिवाणूंना उष्णतेची वंशावळ ठाऊक नसते, हा माझा शास्त्रीय आक्षेप दाखल होताच खारीज करण्यात आला. (विरजण मात्र अजूनही शेजारच्या आजींकडूनच मागून आणावे लागते.) गेल्या मंगळवारी मध्यरात्री वीज गेली. दही घोंगडीतच लागले.