मिरचीवाल्याचं वेबपान: धडा पहिला

वेबपान सजवायला शिकायचंय? मग क्लास लावू नका, नंदुरबारचा एखादा मिरची व्यापारी गाठा. 'भो, नाव मोठं पायजे,' एवढा एकच धडा तो देईल.

त्याचा मजकूर डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमध्ये आलेला असतो. तसाच पानावर डकवा. 'नंदुरबार'च्या जागी यू, ए, एन, क्यू, जे, सी, के, जे अशी आठ इंग्रजी अक्षरं उमटतील. घाबरू नका. कृतिदेवातला न म्हणजे आतून यूच. फॉन्टने वरून मराठी मुखवटा चढवलेला. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये तो मुखवटा नसला, की सोंग उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण आपल्याला घाई कुठे? मुकाट्याने कन्व्हर्टरमधून काढा.

आता शोभा. अक्षरं ऐसपैस बसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग वाढवा. इंग्रजीत ते खानदानी दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'मिरची'चे तुकडे होतात. कांडप गिरणीची जाहिरात असेल तर चालेल, एरवी शून्य ठेवा. लाइन-हाइट मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीच्या डोळ्यात जातो. तिरक्या अक्षरांचा मोह टाळा; फॉन्टमध्ये ती नसली, तर ब्राउझर उभ्या अक्षरांनाच धक्का देऊन वाकवतो.

खरी परीक्षा 'पथाऱ्या' लिहिताना. मिरची वाळवायच्या या जागा साध्या र ने लिहिल्यात तर 'पथार्या' होतात, आणि 'शेतकर्यांना' वाचताना शेतकऱ्यालाच ठसका लागतो. खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य.

पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून 'एमआर' लिहायला विसरू नका. नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श यांचे मराठी घाट असतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पाकळीचा ल, देठाचा श हवा, असं सरकारने २००९मध्ये निर्णय काढून सांगितलंय. व्यापाऱ्याला मात्र हे समजावू नका. देठ खुडायचीच मजुरी तो देतो.

रंग तोच ठरवेल: हिरव्यावर लाल. वाद घालू नका, हिरवा फिका करून घ्या.

झालं? आता मोबाइल नंबर टाका. तो राहिलाय.