दुधाशी न पटणारी गोळी

जुलैतल्या एका संध्याकाळी कुर्ला स्टेशनबाहेर मी गुडघाभर पाण्यातून चाललो. एका हातात चपला, दुसऱ्या हाताने डोक्यावर धरलेली बॅग, टाचेला जुनी भेग. मुंबईत हे पराक्रमात धरत नाहीत, त्यामुळे घरी येऊन पाय धुतले आणि विसरून गेलो. आठव्या दिवशी ताप भरला. पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की मला न सांगताच त्या रायगड चढून आल्या असाव्यात.

डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "पाण्यातून चालला होतात?" त्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय होता. त्याचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून आत शिरतात. पालिका दर पावसाळ्यात हे ओरडून सांगत असते. अशा पाण्यातून चालून आलात तर दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, हेही सांगते. मीही ते दर पावसाळ्यात दुसऱ्यांना सांगत असतो. रक्त तपासायला गेलं आणि मला डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. शंभर मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक, सात दिवस. म्हणजे चौदा कॅप्सूल. (आमच्या घरी कॅप्सूललाही गोळीच म्हणतात. ही सोय पुढेही चालू ठेवतो.)

केमिस्टने एक अख्खी पट्टी दिली आणि दुसरीतून कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या. पट्टीच्या पाठीवर एक उभी लाल रेघ होती. चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. 2016 साली सरकारने त्या रेघेची मोहीमच काढली होती. आमच्या घरी मात्र ती पट्टीची नक्षी समजली जाते.

खरी अडचण सुरू झाली ती घरी. आईच्या शास्त्रात जगातली सगळी औषधं 'उष्ण' असतात आणि उष्णतेवर एकच उतारा, दूध. मी पट्टी उघडायच्या आतच पेला समोर आला होता, वर साय.

"आई, डॉक्टरांनी दुधाबरोबर नको म्हटलंय."

"दुधाबरोबर नको? मग कशाबरोबर, दारूबरोबर?"

"तीही नको."

दुधातलं कॅल्शियम या औषधाला पोटातच मिठी मारतं आणि अशी जोडी आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही. साधारण पाचवा हिस्सा औषध असं वाया जातं. ताक, दही, पनीर यांचंही तेच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, जळजळ झाली की प्यायचं ते गुलाबी औषध, या सगळ्यांपासून दोन-तीन तासांचं अंतर. आईला हे समजावताना एखाद्या सोवळ्यातल्या पाहुण्याची बाजू मांडत असल्यासारखं वाटत होतं. शेवटी तिला तीच भाषा पटली. "म्हणजे याचं सोवळं कडक आहे," ती म्हणाली आणि पेला स्वतः पिऊन टाकला.

मग वेळापत्रक. साडेसहाचा चहा सोडणं मला शक्य नव्हतं, म्हणून गोळी सकाळी नऊला ठरली, पोह्यांवर, कारण उपाशी पोटी ती मळमळवते. रात्रीची नऊला, जेवणावर. यात भेंडीच्या भाजीपासून दूरदर्शनच्या बातम्यांपर्यंत सगळं नीट बसलं. बसलो नाही तो मी. दुसऱ्या रात्री अंग मोडून आलं होतं. घोटभर पाण्याबरोबर गोळी ढकलली आणि आडवा झालो. पहाटे तीनला जाग आली ती छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी. हार्ट अटॅक समजून मी मनातल्या मनात विम्याचे कागद शोधायला लागलो. सकाळी डॉक्टरांना फोन केला.

"पाणी किती प्यालात?"

"घोटभर."

"आणि मग?"

"झोपलो."

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग कळलं ते असं: ही गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथेच विरघळते आणि आतली कातडी भाजून काढते. म्हणून पेलाभर पाणी, आणि गिळल्यावर निदान अर्धा तास बसायचं किंवा उभं राहायचं. पहिल्या दिवशी हे त्यांनी सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं होतं. दुसऱ्याच्या बोलण्यावर "हो हो" म्हणायची ही सवय मला लग्नानंतर लागली आहे. "गिळताना दुखलं, अंगावर पुरळ उठलं किंवा जुलाब फार झाले तर लगेच या," असंही त्यांनी या वेळी दोनदा बजावलं. त्या रात्रीपासून मी रोज नऊ ते साडेनऊ खुर्चीत ताठ बसून आईची मालिका पाहिली. तिच्या मते, इतक्या वर्षांत मुलाने तिच्याशेजारी बसून केलेली ही एकमेव चांगली गोष्ट.

वाचायला सवड होती, म्हणून या औषधाचं कूळ शोधलं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या एका शेतातली मूठभर माती बेंजामिन डगर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तपासली. प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडून, हे काम करायला लागलेला गृहस्थ. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून सोनेरी रंगाचं औषध निघालं आणि 1948 साली ते जगापुढे आलं. या घराण्यातलं ते पहिलं. माझी गोळी त्याच घराण्यातली, 1967 साली बाजारात आलेली. म्हणजे रोग कुर्ल्याच्या चिखलातला आणि औषधाचं माहेर मिसुरीच्या मातीत. घराण्याला एक खोड मात्र आहे, लहान मुलांच्या दातांवर कायमचे डाग पाडायची. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ते सहसा देत नाहीत.

चौथ्या दिवशी ताप गेला आणि सल्ले आले. आई म्हणाली, "ताप नाही ना, मग कशाला उगीच पोटात घालतोस?" समोरचे नाना तर उरलेल्या गोळ्यांवर डोळा ठेवूनच आले होते. त्यांचा घसा धरला होता. "मागे मला यानेच उतार पडला होता. चार दे, बाकी तू ठेव."

मी त्यांना सांगितलं, पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 साली नोबेलच्या भाषणात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनानेच थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरतात असं नाही, शहाणे होतात. मग तेच शिकलेले जंतू त्याच्या बायकोला होतात, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. ती जाते. नाना हे ऐकून गंभीर झाले. "बायकोचा घसा धरलेला नाही अजून," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले. घसा धरायची कारणं बहुतेक वेळा विषाणू असतात, त्यांच्यावर ही गोळी काडीचं काम करत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

मी डॉक्टरांना विचारलं, थांबवू का? ते म्हणाले, थांबवायचं मी सांगीन. सातव्या रात्री साडेनऊपर्यंत शेवटची मालिका पाहिली.

आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अर्धवट पट्ट्यांचं संग्रहालय आहे. दुसऱ्या दिवशी आई त्या चार गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचा तुकडा त्यात ठेवत होती.

"रिकामी आहे ती, आई."

"असू दे. नाव राहतं. परत ताप आला तर केमिस्टला दाखवता येईल."

तिने चष्मा लावून तुकडा उलटसुलट केला. केमिस्टची कात्री बरोबर नावावरून गेली होती. उरलं होतं फक्त 'क्लिन' आणि अर्धी लाल रेघ.

"मेल्याने नावच कापलं," ती म्हणाली. "आता डॉक्टरांकडेच जावं लागणार."