आठ किलोंचा अभिमान कसा मिरवावा

कोल्हापुरात मान वजनाला मिळतो. पैलवान असो, म्हैस असो, बुलेट असो की हुपरीचे पैंजण, जिन्नस जितका जड तितके लोक वळून बघणार. 1912 साली खासबागेचे कुस्तीचे मैदान तयार झाले तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मातीभोवती बसून हेच शास्त्र शिकत आलो. अशा गावात आठ किलोंच्या कार्बन सायकलचा अभिमान बाळगायचा म्हणजे पूर्वतयारी हवी. ती न करता सायकल घरी आणणाऱ्यांचे हाल पाहवत नाहीत, म्हणून या सूचना.

सायकल दारात आली की पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला बसली?" आकडा लगेच सांगू नये. आधी फ्रेम सांगावी, मग गिअर, मग चाकांचे बेअरिंग. विचारणारा तोवर कंटाळतो. तरीही आकडा निसटलाच, तर दुसरे वाक्य ठरलेले आहे: "एवढ्यात मुऱ्हा आली असती की!" इथे वाद घालू नये. मुऱ्हा दूध देते, तिला चेन नसते आणि ती पंक्चर होत नाही. खरी परीक्षा पुढे आहे. घरातले आबा उठतात, सायकल एका हाताने उचलतात, दोनदा खालीवर करतात आणि विचारतात, "पैसं ज्यादा घेतलं आन् लोखंड कमी दिलं व्हय?"

यावर एकच उत्तर चालते. जागतिक सायकल संघटनेचा नियम सांगावा: शर्यतीत सायकल 6.8 किलोंपेक्षा हलकी असता कामा नये. म्हणजे याहून हलक्या सायकली बनतात आणि त्यांना शर्यतीत बंदी घालावी लागली! ज्यावर बंदी आली त्यात काहीतरी दम असणार, हे आबांना लगेच पटते. सायकल ते जरा अदबीने खाली ठेवतात.

मग ते स्टँड शोधतात. स्टँड नसतो. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, घंटीही वेगळी विकत घ्यायची. जे जे नाही त्याचेच पैसे मोजले आहेत, हे त्यांना एका बैठकीत समजावू नये.

आबांच्या बाजूचाही विचार करावा, कारण सायकलचा अभिमान ही त्यांचीच जुनी इस्टेट आहे. त्यांच्या काळी सायकल घेतली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे तिला सजवणे. हबभोवती रंगीत ब्रश, हँडलच्या मुठींना गोंडे, सीटला झालर लावलेले मखमली कव्हर, मागच्या मडगार्डवर रबरी फ्लॅप आणि चेनकव्हरवर पेंटरकडून वळणदार अक्षरात देवाचे नाव. रात्री टायरला डायनामो टेकवला की चाक जड व्हायचे, पण दिवा लागायचा. वाढत्या वजनाचे कुणाला दुःख नव्हते. रिमचा आऊट काढणाऱ्या मिस्त्रीपुढे लोक हात बांधून उभे राहत. आजही जुनी रॅले बाळगणारा भेटला तर त्याचा रिवाज पाळावा: आधी पुढच्या पट्टीवरचे बगळ्याचे डोके बघावे, मग रॉडच्या ब्रेकला हलकेच हात लावावा आणि "ओरिजिनल?" एवढेच विचारावे. पुढचा अर्धा तास तो बोलतो. बीएसएच्या बिल्ल्यावरच्या तीन बंदुका दाखवून ही कंपनी मुळात बर्मिंगहॅमला शस्त्रे बनवायची, हेही तो सांगेल. त्याची हर्क्युलिस थेट विलायतेची असल्याचे तो सांगत असताना मद्रासजवळच्या अंबत्तूरचा विषय काढू नये. तिथली टीआय सायकल्स ही कंपनी 1949 साली सुरू झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी हर्क्युलिस तिकडूनच आल्या. रॅलेवाल्याशी बोलताना आसनसोलच्या कारखान्याबाबतही हेच पथ्य पाळावे.

एका गोष्टीत हा माणूस तुमच्या पुढे राहणार, ते कबूल करून टाकावे. त्याच्या सायकलचा कुठलाही भाग मोडला तरी उद्यमनगरात लेथवर नवा करून मिळतो. तुमचा गिअरचा हँगर वाकला तर कुरिअरची वाट बघत बसा.

आता दर्शन. सायकल रंकाळ्यावर दिसली की घेतल्याची बातमी होते, पण चालवत असल्याची नोंद पन्हाळ्यावरच होते. अंतर वीसेक किलोमीटर. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि मग दम. सगळ्यात हलक्या गिअरवर धापा टाकत वर पोचल्यावर, फोटो काढण्याआधी, चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या लहान चक्रावर आणून ठेवावी. बघणाऱ्याला वाटावे, गडी ह्याच गिअरवर चढला. चेनची बाजू कॅमेऱ्याकडे असावी. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला मात्र सायकल टेकवू नये. 1660 च्या जुलैत भर पावसात, रात्री, इथून विशाळगडाकडे जे निघाले त्यांच्यापुढे वाघबिळाचे कौतुक सांगणे बरे दिसत नाही. टेकवायला तीन दरवाजा आहे की!

उतरल्यावर मिसळ. इथे हिशोब करू नये. हलकी सीटपोस्ट बसवून दीडशे ग्रॅम वाचवले, असे सांगता सांगता कटाची दुसरी वाटी मागवणाऱ्यांवर लोक हसतात, हसू द्यावे. सायकलचे वजन कमी आणि स्वाराचे कोल्हापूरला शोभेल असे, ही विभागणी मला तरी न्याय्य वाटते.

पुढची पायरी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर चाळीस तासांत. ही शर्यत नाही, यात पहिला-दुसरा नंबर नसतो, हे प्रत्येकाला आवर्जून सांगावे आणि लगेच आपली वेळ सांगावी.

खंडेनवमीला सायकल धुवावी, कुंकू लावावे, पण झेंडूची माळ हँडललाच बांधावी. माळ मागे सोडली तर दोऱ्याचे टोक गिअरमध्ये जाते, आणि पूजा झाल्यावर गल्लीतून एक फेरी मारायचीच असते.

राहिला सर्वांत नाजूक प्रसंग: "भावा, एक चक्कर मारू काय?" नाही म्हणायची सोय नाही, पेठेत राहायचे आहे. यावर उपाय म्हणजे क्लीटचे पायडल. त्याला खास बूट लागतात, आणि तुमच्या मापाचे बूट गल्लीत कुणाला बसत नाहीत अशी आशा ठेवावी. या पायडलची एकच अडचण आहे. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल अचानक लाल होतो, पाय बुटासकट अडकलेला राहतो आणि स्वार उभ्या जागी, अतिशय सावकाश, आडवा होतो. असे होणार हे कळताच डावीकडे पडावे. गिअर उजवीकडे असतात. डावा कोपर सोलला तर आठवड्यात भरून येतो. लोक धावत येतील. त्यांना आधी सायकल उचलू द्यावी.