जर्मनीचा वाचक

ज्या संस्थेत सगळे चारठाण्याच्या मंदिरांचा काळ कोणता यावरून भांडतात आणि एकालाच ई-मेलचा पासवर्ड आठवतो, तिथे तो तंत्रप्रमुख होतो. आमच्या परभणीच्या संस्थेत तो मी.

चारठाणा, धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, जिंतूरजवळची नेमगिरीची लेणी यांची माहिती देणारी आमची वेबसाइट किती लोक बघतात, हे गूगल ॲनालिटिक्स फुकटात सांगायचं. मी बैठकीत आलेख दाखवायचो आणि चहा प्यायचो. १ जुलै २०२३ ला त्याची जुनी आवृत्ती मोजायची थांबली. वर्षभराने जुने आकडेही दिसेनासे झाले. नव्या आवृत्तीत दहा सेकंद थांबलेला माणूस रमला असं धरतात. दहा सेकंदांत आमच्याकडे ‘काय म्हणता, कवा आलात’ एवढंच होतं!

म्हणून मी मातोमो हे तसंच मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते आपल्याच सर्व्हरवर चालवता येतं. गूगलकडून माहिती अमेरिकेत जाते म्हणून २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारी यंत्रणेने हरकत घेतली होती, हेही बैठकीत ऐकवलं. ‘आपला डेटा आपल्या घरात’ असं भाषण ठोकलं. घर म्हणजे होस्टिंगची भाड्याची जागा, त्याचंही भाडं थकलेलं.

महिन्याभराने नवा आलेख आला. पहिला नंबर जर्मनी, दुसरा परभणी.

“जगात जर्मनी, भारतात परभणी!” अध्यक्ष नानांनी टेबलावर थाप मारली. मीही मॅक्समुल्लरपासूनची परंपरा उलगडून सांगितली.

रात्री घरी तो जर्मन नीट बघितला. दर पाच मिनिटांनी यायचा, फक्त पहिलं पान उघडायचा, शून्य सेकंदांत निघून जायचा. पहाटे तीनलाही हजर. वेबसाइट बंद पडली तर कळावं म्हणून मीच एक फुकटची सेवा लावली होती. तिचा सर्व्हर जर्मनीत होता आणि पान खऱ्या ब्राउझरात उघडून बघत होता. त्याला वगळलं, आलेख आडवा झाला. मग परभणीकर चाळले. निम्मे माझ्याच वाय-फायवरचे.

सकाळीच नानांना गाठलं.

“माणूस नाही म्हणता? पण जर्मनीतून येतो ना?”

“येतो.”

“रोज?”

“दर पाच मिनिटांनी.”

“मग आपल्या सभासदांपेक्षा बरा की!”

वार्षिक अहवालात ‘जर्मनीतून वाचकांचा सातत्यपूर्ण प्रतिसाद’ ही ओळ तशीच गेली. प्रूफं मीच तपासली. ‘सातत्यपूर्ण’ला हात लावायचं काही कारण दिसलं नाही.